गिटारची वायर कुठाय?

साठच्या दशकातल्या इंग्लिश-अमेरिकन बँडचे टीव्हीवरचे जुने तुकडे यूट्यूबवर बघताना माझं लक्ष गाणाऱ्याच्या तोंडाकडे जातच नाही. मागे लावलेल्या रेकॉर्डबरोबर नुसते ओठ हलवणं त्या पोरांना झकास जमायचं. मी शोधतो ती गिटारची वायर. इलेक्ट्रिक गिटार दणक्यात वाजतेय, पण वायरचा पत्ता नाही. मागे अँप्लिफायरही नाही. मग ड्रमवाल्याकडे बघायचं. अनोळखी लग्नात लांबूनच अक्षता टाकाव्यात तशी त्याची काठी झांजेला जेमतेम लागते, आणि आवाज मात्र खणखणीत.

खरी गंमत शेवटाला. तेव्हाची बरीच गाणी रेकॉर्डवर संपायचीच नाहीत, आवाज हळूहळू विरत जायचा. कंट्रोल रूममध्ये एक खटका खाली सरकवला की काम झालं. पण कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या चार धडधाकट माणसांनी विरायचं कसं? ते आपले त्याच जोशात वाजवत राहतात, आवाज दूर दूर जातो, आणि शेवटी माना हलतायत, हात चालतायत, ऐकू काहीच येत नाही. मग टाळ्या सुरू होतात आणि सगळे सुटतात.

बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ १ जानेवारी १९६४ला सुरू झाला, मँचेस्टरच्या डिकन्सन रोडवर, एका जुन्या चर्चचा स्टुडिओ केला होता तिथून. यात लपवाछपवी जवळपास नव्हतीच, हे मला फार आवडतं. निवेदकाशेजारी एक मुलगी बसलेली असायची. समँथा जस्ट हे त्यातलं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं नाव. ती कॅमेऱ्यादेखत तबकडीवर सुई ठेवायची आणि पलीकडे बँड ‘वाजवायला’ लागायचा. मुळात कार्यक्रमच खपाच्या यादीतल्या रेकॉर्डचा. पोरांना हवं होतं ते दुकानातून आणलेलं गाणं, जसंच्या तसं. आणि ते टीव्ही स्टुडिओत उभं करायचं म्हणजे कठीणच. रेकॉर्डवर एकाच माणसाचा आवाज दोनदा मुद्रित करून एकमेकांवर चढवलेला असायचा, मागे व्हायोलिनवाले भाड्याने आणलेले. ते सगळं अडीच मिनिटांसाठी कुठून आणणार? घरी टीव्हीला स्पीकर तरी केवढा, वाटीएवढा.

यात वाजवणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो, असं ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेचं, म्युझिशियन्स युनियनचं, म्हणणं होतं, आणि ते चूक नव्हतं. रेकॉर्ड लावून भागत असेल तर वादकांना बोलवायचं कशाला? १९६६मध्ये नुसतं ओठ हलवण्यावर बंदी आली. आता कार्यक्रमाच्या वाद्यवृंदाबरोबर गा, नाहीतर कार्यक्रमासाठी मागचं वादन नव्याने मुद्रित करून आणा. कागदावर छान. पण महिनाभर घासूनपुसून केलेली रेकॉर्ड काही तासांत पुन्हा कोण करणार? मग संघटनेच्या माणसाला कुणीतरी पाहुणचाराला बाहेर न्यायचं आणि तेवढ्यात टेप बदलून जुनीच लावायची, अशा हकीकती त्या काळचे लोक मिटक्या मारत सांगतात.

टेपांच्या या राज्यात घोटाळेही व्हायचे. १९६७मध्ये अमेरिकन गिटारवादक-गायक जिमी हेंड्रिक्स त्याच कार्यक्रमात आला, तयार होऊन उभा राहिला, आणि सुरू झालं अ‍ॅलन प्राइस या भलत्याच गायकाचं गाणं. आवाज छान आहे, पण मला शब्द येत नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी बोलून त्याने वेळ मारून नेली.

खरं तर या ढोंगाचा मला राग यायला नको. पार्श्वगायनावर पोसलेले डोळे आपले. ‘गुमनाम’मध्ये (१९६५) टेड लायन्स अँड हिज कब्ज हा मुंबईचा खराखुरा बँड पडद्यावर उड्या मारत वाजवतो आणि आवाज येतो मोहम्मद रफींचा. बघताना कुणाला फसवल्यासारखं वाटलंय? पण आपल्याकडेच संगीत नाटकही होतं. तिथे प्रेक्षकांतून ‘वन्स मोअर’ आला की पद पुन्हा घ्यायचं, आणि दुसऱ्या खेपेला तान वेगळीच जायची. मी त्या तुकड्यांत शोधतो ते हेच. गाणं खरं की खोटं यापेक्षा, त्या क्षणी ते वेगळं वळण घेऊ शकलं असतं का?

म्हणून मला सरमिसळ झालेले प्रसंग जास्त भावतात. २५ जून १९६७ला उपग्रहावरून अनेक देशांत एकाच वेळी दाखवलेल्या ‘अवर वर्ल्ड’मध्ये बीटल्सनी ‘ऑल यू नीड इज लव्ह’ गायलं. ते थेट होतं का? मूळ ट्रॅक अकरा दिवस आधीच मुद्रित झालेला. त्यावर त्या दिवशी गायन, बेस, ड्रम, गिटारचा मधला तुकडा आणि छोटा वाद्यवृंद थेट. जॉन लेनन चक्क च्युइंगम चघळत गातोय. जॉर्ज हॅरिसन आपला तुकडा घेतो आणि शेवटाशी जरासा चुकतो. नंतर जॉनच्या गायनाचा काही भाग पुन्हा मुद्रित झाला, सुरुवातीला ड्रमचा घुमारा चढवला गेला. पण जॉर्जचा तो तुकडा चुकीसकट तसाच रेकॉर्डवर गेला. मला तर रेकॉर्डवरचा तोच भाग सगळ्यांत जिवंत वाटतो.

त्याच वर्षाअखेर ‘हॅलो, गुडबाय’च्या चित्रफिती त्यांनी तयार केल्या. रेकॉर्डवर व्हायोला आहेत, चित्रात व्हायोलावाले दिसत नाहीत. म्हणून त्यांचे रेकॉर्ड-निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी व्हायोला वगळून वेगळं मिश्रण करून दिलं. एवढी काळजी घेऊनही ओठ हलवणं उघड दिसत होतं, आणि बंदीपायी बीबीसीने ती फीत दाखवलीच नाही. पुढच्या वर्षी ‘हे जूड’च्या वेळी ते शहाणे झाले होते. ४ सप्टेंबर १९६८ला ट्विकनहॅमच्या स्टुडिओत वादन टेपवरचं, पण गळा खरा. शेवटच्या लांबलचक आळवणीला जमवलेली माणसं मंचावर चढून बँडभोवती दाटीवाटीने उभी राहतात. तिथे कोण काय खरं वाजवतंय याची चौकशी माझ्यासारखा संशयात्माही करत नाही.

उलट लव्ह अफेअर या बँडची गोष्ट. १९६८च्या सुरुवातीला त्यांचं ‘एव्हरलास्टिंग लव्ह’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि मग कळलं की रेकॉर्डवर बँडपैकी फक्त गायक स्टीव्ह एलिस आहे. वाजवलंय भाड्याच्या वादकांनी. केवढा गहजब झाला! अमेरिकेतल्या कितीतरी बँडचं हेच होतं, तेव्हा या पोरांनाच एवढं झोडपायचं कारण नव्हतं.

संघटनेने भांडून मिळवलेलं, खास टीव्हीसाठी वाजवलेलं संगीत आज ऐकायला मिळेल म्हणाल, तर तेही फारसं नाही. टेप महाग, म्हणून बीबीसी त्या पुसून पुन्हा वापरायची. साठच्या दशकातले ‘टॉप ऑफ द पॉप्स’चे पूर्ण भाग बोटांवर मोजण्याइतकेच उरलेत.

पुसण्यातून वाचलेल्यांत ब्रिटिश गायिका लुलूच्या टीव्ही कार्यक्रमातला ४ जानेवारी १९६९चा तुकडा आहे, थेट प्रक्षेपण. हेंड्रिक्स ‘हे जो’ गाता गाता मध्येच थांबतो, आता हा कचरा पुरे म्हणतो आणि नुकत्याच फुटलेल्या क्रीम या बँडला मानवंदना म्हणून त्यांचंच गाणं सुरू करतो. वेळ संपत आलेली. वाजवता वाजवता तोच हसत सांगतो की आता आम्हाला बंद करणार आहेत. लुलूने शेवटी त्याच्याबरोबर गायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.