आमच्या मनी ट्रीची पानं पिवळी का पडत होती

आधीच सांगते, मनी ट्री म्हणजे बाटलीत लावतात तो मनी प्लांट नाही. माझ्या पुण्याच्या बहिणीला हे तीनदा समजावलं, तरी ती फोनवर "अगं वेल आहे ना, कापून पाण्यात टाक" म्हणतच होती. हे खोडांची वेणी घातलेलं झाड, एका देठावर हाताच्या बोटांसारखी पाच-सात पानं. खरं नाव पॅकिरा, मूळचं मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठच्या दलदलीतलं. वेणी घालायची टूम तैवानची, साधारण 1980 नंतर पसरली, आणि ती वेणी म्हणजे एक झाड नसतं हं, तीन किंवा पाच वेगवेगळी रोपं लहानपणीच एकमेकांत गुंफलेली असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाची आहे.

आम्हाला हे वास्तुशांतीला मिळालं, नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी दिलं, पांढऱ्याशुभ्र चिनी मातीच्या गमल्यात. (इंदूरमध्ये आम्ही कुंडीला गमलाच म्हणतो, पुणेकरांनी सांभाळून घ्यावं.) दिसायला सुंदर, बुडाला भोक नाही. ते तेव्हा कोण बघतं! कोणीतरी सांगितलं की हे आग्नेयेला ठेवायचं, पैसा येतो, आणि आमच्या घरात आग्नेयेला फ्रिज आहे, तर फ्रिज आणि भिंतीच्या बेचक्यात, जिथे दुपारीसुद्धा लाइट लावावा लागतो, तिथे त्याची स्थापना झाली. दिवाळीनंतर महिनाभर बरं चाललं. मग खालचं एक पान पिवळं. एखादं खालचं जुनं पान पिवळं होऊन गळणं नॉर्मल आहे, त्यात घाबरायचं नसतं, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग दुसरं, मग आठवड्यात चार, आणि ती पानं वाळलेली नव्हती, मऊ लिबलिबीत होऊन हात लागला की देठासकट खाली. संक्रांतीपर्यंत वेणीच्या शेंड्यावर नुसता झुपका उरला.

सगळ्यांचं निदान एकच, "पाणी कमी पडतंय." मीही तेच केलं, पाणी वाढवलं. इथेच फसतात सगळे, कारण मुळं सडली की ती पाणी ओढू शकत नाहीत, झाड वरून तहानलेलं दिसतं आणि खाली बुडत असतं.

एका सकाळी चहा पिता पिता बघितलं तर सासूबाई स्वयंपाकघरातून अख्खी कळशी घेऊन आल्या आणि ओतली त्यात. मी म्हटलं, "अहो आई, काल तर मी घातलं ना पाणी!" तर त्या म्हणाल्या, "अगं आज नर्मदा येणार, शिळं पाणी टाकून द्यायचं का?" तेव्हा डोक्यात लाइट लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इंदूरला नर्मदेचं पाणी 1978 पासून येतंय, तिकडे खाली जलूदहून, 70 किलोमीटरवरून घाट चढवून, आणि नळाला येतं एक दिवसाआड. एवढ्या लांबून आलेलं पाणी मोरीत ओतायचं आईंच्या जिवावर येतं, म्हणून नळ यायच्या दिवशी भांड्यात उरलेलं सगळं झाडांना. म्हणजे आमच्या झाडाला पाणी मिळत होतं ते नळाच्या टाइमटेबलने, त्याची माती ओली की कोरडी याचा काही संबंधच नाही! वर मी, वर लेकाचा उरलेला ग्लास. जानेवारीत इथे रात्री दहाच्या खाली जातं तापमान, अंधारात ठेवलेलं झाड त्या थंडीत पाणी पितंच कुठे.

रविवारी पेपर पसरून उपटलंच. वास गटारासारखा. माती आपली माळव्याची काळी, ओली झाली की नुसता चिखलाचा गोळा, त्यात हवा शिरणार कुठून. "पग पग नीर" म्हणतात ना माळव्याला, ते आमच्या गमल्यात शब्दशः खरं होतं. मुळं काळी, ओढलं की साल हातात आणि आत दोरा उरायचा. मुळांभोवती प्लास्टिकची बारीक जाळीची टोपली होती, ती बहुतेक रोपवाटिकेतूनच आलेली, आणि खोडांच्या बुडाशी मातीच्या आत घट्ट टेप, खोडात रुतून वळ पडलेले. दोन्ही कापून काढलं. मग पाची खोडं एकेक दाबून बघितली, तीन टणक, दोन पिकलेल्या केळ्यासारखी. इथे ती वेगवेगळ्या रोपांची गोष्ट कामाला आली, सडलेली दोन वेणीतून हळूहळू सोडवून फेकली, तीन वाचली. वेणी आता जरा ढिली दिसते, असू दे.

काळी मुळं कापली, कात्री डेटॉलने पुसून, मग थोडी माती, थोडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि तेवढीच जाड वाळू असं मिक्स करून आठ इंची साध्या मातीच्या गमल्यात लावलं, बुडाला भोक असलेल्या. मोठा गमला घेऊ नका, जास्त माती म्हणजे जास्त वेळ ओल. खतही दोन महिने नाही, मुळंच नाहीत तर खाणार कशाने! आणि आग्नेय सोडून पूर्वेच्या खिडकीत. आईंना पटलं नाही, पण पैसा तसाही आला नव्हता.

आता अगरबत्तीची जुनी काडी खोल खुपसून बघते, माती चिकटून आली तर पाणी नाही. हिवाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा पुरलं, मेमध्ये चार-पाच दिवसांनी, पण घालायचं तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत घालायचं आणि ताटलीतलं ओतून टाकायचं. दलदलीतलं झाड असून हे नखरे कसे, असं मलाही वाटलं होतं. पण घरातल्या कमी उजेडात ते पाणी पितंच सावकाश, आणि कोंडलेल्या पाण्यात मुळांना हवा मिळत नाही. खोडातही पाणी साठवतं ते. इंदूरजवळच्या आपल्या मांडूच्या इमलीचं, म्हणजे गोरखचिंचेचं नातेवाईक आहे, एकाच कुळातलं, जास्वंद आणि भेंडीसुद्धा त्याच खानदानातली. मांडूच्या त्या फुगलेल्या बुंध्याला कोण रोज कळशी घालतं?

मार्चमध्ये नवी पानं आली तर तीही पिवळट! पण ही वेगळी, शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं. तेव्हा आठ दिवस नर्मदेची लाइन बंद होती, बोरिंगचं पाणी चाललं होतं आणि मी त्याचं खापर त्यावर फोडलं, पण आठ दिवसात एवढं होत नाही, गेल्या वर्षभरात घरातलं निम्मं पाणी बोरिंगचंच होतं. बोरिंगचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, त्याने माती खारट-चुनखडी होते, लोह असूनही झाडाला घेता येत नाही. मग पावसाचं पाणी साठवून घातलं, आणि एकदा आयर्न चिलेट, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह. त्यानंतरची पानं हिरवी आली. जी पिवळी झाली ती परत हिरवी होत नाहीत, त्यांची वाट बघू नका. मेमध्ये पानांवर टाचणीएवढे फिके ठिपके आणि खाली जाळं दिसलं, तो लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, बाथरूममध्ये नेऊन पानांच्या खालून शॉवर मारला, तीन-चारदा केल्यावर गेला.

राहता राहिलं शिळं पाणी. आई ते टाकणार नाहीतच, हे मला माहीत होतं, म्हणून मागच्या मोरीपाशी अळू लावलं आणि सांगितलं, आई, कळशी इकडे. यंदा श्रावणापर्यंत तीनदा वड्या झाल्या.