वाडीच्या नावेत मालवणचा तांडेल

कोल्हापूरहून नृसिंहवाडीला गेलो होतो. दर्शन झालं, बासुंदी झाली, आणि घाटावर नावेत बसलो. सोबत मित्राचे काका. मालवणचे, उभा जन्म होडीवर गेलेला, शेवटी तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान झालेले.

"काका, दमानं बसा, नाव डुलतीया," नावाडी म्हणाला.

"माका सांगतस?" काकांनी त्याला असं काही बघितलं की तो गप्प वल्ही मारायला लागला.

मग तपासणी सुरू झाली. पुढच्या टोकाला हात लावून "ही नाळ". डोलकाठी नाही, शीड नाही, सुकाणूही नाही, वल्ह्यानंच वळवायची. काकांच्या मते हे तरंगता पाटच. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ त्यांनी खोली विचारली. नावाड्यानं बांबू आत सोडला आणि म्हणाला, "दोन पुरुष असंल."

"म्हणजे वाव किती?"

आता दोघंही अडले. आमच्याकडं विहिरीचं पाणी उभ्या माणसानं मोजतात, दर्यावर दोन्ही हात पसरून. त्या पसरलेल्या हातांची एक वाव. इंग्रजांचा फॅदमही तोच, सहा फुटांचा.

डाव्या-उजव्याचा घोळही तिथंच निघाला. मी नावाड्याकडं तोंड करून बसलेलो, त्याची उजवी ती माझी डावी. जहाजावर हे चालत नाही. नाळेकडं तोंड केल्यावर डावीकडं येते ती पोर्ट, उजवीकडची स्टारबोर्ड. तुम्ही कसेही बसा. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा. पूर्वी डावीला लार्बोर्ड म्हणत. वादळात दोन्ही हाका सारख्याच ऐकू यायच्या, म्हणून ब्रिटिश आरमारानं 1844 मध्ये तो शब्द बंद केला. शहाणपण, पण उशिराचं!

परतताना शिरोली लागली. ऑगस्ट 2019 च्या महापुरात इथला महामार्ग पाण्याखाली होता आणि नौदलाची पथकं बोटी घेऊन कोल्हापुरात उतरली होती. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. पावसाळ्यात गावात दुसरा विषयच नसतो.

काकांना कोल्हापुरात आरमाराच्या गप्पा म्हणजे गंमतच वाटली. पण सिंधुदुर्ग आणि मालवण करवीर, म्हणजे कोल्हापूरच्या राज्यातच होतं. 1765 मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, फोर्ट ऑगस्टस असं नाव ठेवलं, पुढं परतही केला. शेवटी 1812 च्या तहात मालवण गेलं ते गेलंच.

हे सांगितलं तेव्हा आम्ही मिसळ खात होतो. वाडीहून आल्यावर त्याच दिवशी मटण नको म्हणून.

"म्हणजे आमी तुमचेच," काका म्हणाले. "मगे मिसळीचे पैसे कित्याक घेतत?"