पानावर आडवा हात

दुपारी जेवून, जरा आडवं होऊन पेपर उघडला की डिसेंबरात आधी अंगावर पत्रकं पडतात. बातम्या नंतर. परवा असाच एक गुळगुळीत कागद छातीवर पडला. वर लाल टोपी, कापसाची दाढी, आणि खाली बारीक टायपात 'ख्रिसमस महाबुफे'ची यादी. मी आमटी-भात खाऊन पडलेलो, पण छापलेलं काहीही दिसलं की वाचायची खोड आहे. रोस्ट चिकन, पास्ता, पिझ्झा, मोमोज, लाइव्ह डोसा, पाणीपुरी, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, चॉकलेटचं कारंजं, आइस्क्रीमचे प्रकार, प्लम केक. एवढं सगळं सांगून झाल्यावर तीन टिंबं, आणि 'व बरंच काही'.

त्या 'बरंच काही'नं मला मळमळायला लागलं. पांढऱ्या रश्श्यावर पाणीपुरी आणि पाणीपुरीवर कारंजं झाल्यावर आणखी उरतं काय? ॲम्ब्युलन्स?

त्याच पेपरातून दुसरं पत्रक निघालं. 'एका महिन्यात पाच किलो वजन कमी. १ जानेवारीपासून नवी बॅच.' कागद तसाच, लाल रंगही तोच. दोन्ही एकाच छापखान्यातून आली असणार. छापणाऱ्याला मात्र मी मानलं. दोन्हीकडून पैसे घेऊन तो पोळी-भाजी खाऊन झोपला असेल.

आता कोल्हापूरच्या माणसानं खाण्याच्या अतिरेकावर तक्रार करायची, हे कुणी तालमीत ऐकलं तर माझं काही खरं नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाच्या दुकानापुढं पिशवी धरून उभं राहणारं हे गाव. गंगावेशीत डोळ्यांसमोर म्हैस पिळून घेतात आणि फेसासकट दूध पितात, तेही जेवणाआधी. 'अनलिमिटेड'चा आम्हाला शोध लागायचा बाकी होता असंही नाही. खानावळीत रस्सा मोजून वाढलेला इथं कुणी बघितलाय?

पण खानावळीत रस्सा घेऊन पोरगं येतं. "पांढरा घालू काय ओ?" म्हणतं. तुम्ही वाटीवर हात धरता. "बास? एवढ्यावर?" असं तोंड करून ते पुढच्या टेबलाकडं जातं. त्या 'एवढ्यावर?'मध्ये तुमच्या सात पिढ्यांचा अपमान असतो, पण तो करणारा समोर उभा असतो. तुम्ही त्याच्याशी भांडू शकता. मी तर वाटीवर हात तसाच ठेवून भांडलेलो आहे.

लहानपणी पन्हाळ्याकडच्या एका लग्नात ह्याचा मोठा तमाशा बघितला होता. मांडवात जमिनीवर पंगत, पत्रावळी, भात-आमटी, वांग्याची भाजी आणि बुंदी. माझ्या शेजारी आमचे एक आप्पा बसले होते. नात्यानं नेमके कोण ते तेव्हाही मला कळलं नव्हतं. त्यांचं पोट भरलं. वाढपी बुंदीची बादली घेऊन आला तसा त्यांनी पानावर आडवा हात धरला. वाढप्यानं हाताच्या डावीकडून बुंदी टाकली. त्यांनी दुसरा हात आडवा केला, तर त्यानं मधल्या फटीतून टाकली. मग आप्पा अख्खे पानावर ओणवे झाले, फेट्यासकट. वाढपी थांबला, बादली खाली ठेवली, आणि "आप्पा, पोरीचं लगीन हाय, हसत खावा" म्हणून त्यांच्या फेट्यावर चार कळ्या टाकल्या. पंगत हसून हसून लोळली. आप्पांनी फेट्यावरच्या कळ्या वेचून मला दिल्या. त्या मी खाल्ल्या. फेटा नवा होता, पण त्याला नेप्थलीनचा वास होता, आणि अजूनही बुंदी बघितली की तो वास येतो. हे उगीच सांगितलं.

मुद्दा असा की आप्पांना ओणवं होता आलं. जाहिरातीवर ओणवं कसं व्हायचं? रोज सकाळी फोन उघडला की केक. राजारामपुरीतनं गाडी काढली की कोपऱ्याकोपऱ्यावर फ्लेक्स. पूर्वी तिथं वाढदिवसवाले दादा हात जोडून उभे असायचे, आता दादांच्या शेजारी सांताक्लॉज. दोघांचे गाल सारखेच लाल. ते फ्लेक्स निदान मुके असतात. फोनवर जाहिरात नको म्हणून फुली मारली, तर फोन विचारतो, का नको? आणि तीन-चार कारणं पुढं करतो, त्यातलं एक निवडा म्हणतो. त्यात 'पोट भरलंय' हे कारण नाही.

नाताळ आमच्याकडं ह्या जाहिरातींनी आणला असंही समजायला नको. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले १८५२ साली. म्हणजे हा सण इथं रंकाळ्याच्या चौपाटीवरच्या भेळेपेक्षा जुना असणार. आमच्या गल्लीत मिशनच्या दवाखान्यातल्या एक नर्स राहायच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, त्यांचे यजमानसुद्धा. पंचवीस तारखेला सकाळी चर्चहून आल्या की त्यांचं ताट घरोघर फिरायचं. वर क्रोशाचा रुमाल, खाली करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, बेसनाचे लाडू. फराळ तोच, दिवाळीचा, फक्त दीड-दोन महिने उशिरा. आमची दिवाळी संपून डबे तळाला लागलेले, त्यामुळं ह्या फराळाला आमच्या लेखी दिवाळीपेक्षा जास्त भाव होता.

ताटाच्या कडेला केकच्या वड्या असायच्या. हा केक त्या घरी कालवायच्या आणि डब्यातनं बेकरीच्या भट्टीवर भाजायला न्यायच्या, जशी आमची आई दिवाळीत नानकटाई न्यायची. डब्यावर कोळशानं खूण केलेली असायची, तरीसुद्धा अदलाबदल व्हायचीच. एका वर्षी सिस्टरकडं कुणाचा तरी जळका केक आला, आणि 'तो ज्याचा असेल त्याचा आता चांगला नाताळ होऊ दे' म्हणून त्यांनी तोच वाटला. केकवर आयसिंग नाही, चेरी नाही. वर तडकलेली खपली, आत थोडे बेदाणे. नाताळ मार्गशीर्षात आला असेल तर आई तो घरात खाऊ द्यायची नाही, अंडं असतं म्हणून. "बाहेर कट्ट्यावर बसून खावा, आणि चूळ भरून आत या." आम्ही कट्ट्यावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत खायचो. ताट परत करताना आई त्यात साखर घालायची. रिकामं ताट परत द्यायचं नाही, हे कुणी शिकवायला लागत नव्हतं.

मध्ये कुठंतरी वाचलं की केरळातले सीरियन ख्रिश्चन १ डिसेंबरपासून नाताळपर्यंत पंचवीस दिवस मांस-मासे सोडतात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स लोकांचा उपास तर चाळीस दिवसांचा. मग पंचवीस तारखेला जे पातेलं चुलीवर चढत असेल त्याला काही अर्थ आहे. आमचा प्रकार उलटा. श्रावण लागणार म्हणून आम्ही आखाडात मटणावर ताव मारून घेतो. ते उपास करून जेवतात, आम्ही जेवून उपास करतो. बुफेवाल्यानं दोन्हींतला उपास तेवढा काढून टाकलाय.

आणि लोकांच्या गळी काहीही उतरवता येतं. जपानात ख्रिस्ती माणसं शंभरात एखादं, पण १९७४ साली केंटकी फ्राइड चिकननं तिथं 'नाताळ म्हणजे केंटकी' अशी जाहिरात केली, आणि आज तिथली कितीतरी कुटुंबं आधी नंबर लावून, रांगेत थांबून, नाताळला तळलेल्या कोंबडीची बादली घरी नेतात. वाढदिवस कुणाचा, कोंबडी कुणाची. पण पन्नासेक वर्षं झाली म्हटल्यावर आता त्यांच्याही नातवंडांना आजीच्या हातच्या बादलीची आठवण येत असेल. तिला खोटी कसं म्हणणार?

उलट बाजूचेही लोक होऊन गेलेत. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली कायदाच केला, की काम बंद ठेवून किंवा मेजवानी करून कुणी नाताळ पाळला तर पाच शिलिंग दंड. करणारे स्वतः ख्रिस्तीच, कडक प्युरिटन. कायदा उठायला १६८१ उजाडलं. हे वाचून मी जरा वरमलो. आपली मजल दंडापर्यंत नाही. कुणी खाताना बघून माझं पोट दुखत नाही, दुखतं ते 'खा, खा, दोनच दिवस राहिले' असं सारखं कानाशी बोललं की. वयाचाही भाग असेल. पित्ताचा तर आहेच.

हे सगळं परवा बायकोला ऐकवत होतो, सिस्टरच्या ताटापर्यंत आलो होतो. म्हणजे कसं तेव्हा माणूस माणसाला आग्रह करायचा, वगैरे. ती म्हणाली, "आणि तुमची आज्जी?"

आज्जी त्या ताटातलं काही खायची नाही. सिस्टर स्वतः ताट घेऊन आल्या की आज्जी सोप्यात बसल्या जागेवरून हसून हात आडवा करायची. "मला न्हाई चावत बाई आता." दिवाळीची चकली तिला चहात बुडवून चावायची. आई साखर घालून ताट परत करायची ते दारातच. सिस्टर कधी आमच्याकडं जेवायला बसल्याचं मला आठवत नाही, आणि गल्लीत एवढी लग्नं, बारशी झाली, त्यांचं पान कुठं मांडलं जायचं तेही मी कधी बघितलं नाही. महाबुफेवाल्याला असलं काही नाही. त्याचं तिकीट घेतलं की कुणीही कुठंही बसावं.

सिस्टरना आज्जीचे दात कळत नसतील असं मला वाटत नाही. त्यांचा जन्म दवाखान्यात गेलेला. तरी पुढच्या वर्षापासून ताटात एक लाडू वेगळा, कागदात गुंडाळलेला यायला लागला. जास्त तूप घालून मऊ केलेला. "हा आज्जींना. चावायला नको." आज्जी तो हातात घ्यायची, डोक्याला लावायची, आणि सिस्टर गेल्या की कोनाड्यात ठेवायची. संध्याकाळपर्यंत मी आणि धाकटा अर्धा-अर्धा करून तो संपवायचो. ह्याला ती कधी नको म्हणाली नाही. लाडू चांगला व्हायचा.