मिरजेत, आईचा तंबोरा घेऊन

आईचा तंबोरा गोधडीत गुंडाळून मिरज जंक्शनला उतरले. वीस वर्षं तो माळ्यावर पडून होता. तार छेडली की नुसता ठणका, गुंजन नाहीच. पुण्यात एकाने घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून तो आणखी बिघडवला, तेव्हा आई म्हणाली, "मिरजेलाच ने."

आधी ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात जाऊन किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी डोकं टेकवलं. मग सतारमेकर गल्ली. दारोदारी भोपळे टांगलेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे हे कडू भोपळे, महिनोन्‌महिने सुकवलेले. इथली घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. इंग्रजी अमलात तो धंदा बसला आणि 1850 च्या सुमारास फरीदसाहेबांनी सतारीच्या कामाला हात घातला. आज तेच काम करणारे जुने हात फार थोडे उरलेत.

त्यातल्याच एका कारागिराच्या, चाचांच्या, दुकानात शिरले. चाचा पंच्याहत्तरीचे असतील. त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला, तारा सैल करून घोडी काढली आणि तिच्या पाठीवर बारीक कानस फिरवली. दोनच हात. फुंकर. परत घोडी बसवून तारा चढवल्या, खाली सुती दोरा सरकवला, खर्ज, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार, छेडली.

"ताई, खर्जात गंधार ऐकू येतोय?"

मला येत नव्हता. पुन्हा तारा सैल, पुन्हा कानस. असं पाच-सहा वेळा झालं. घोडीची पाठ पाहून मला आधीचा आणि नंतरचा फरक सांगता आला नसता. चाचा तर बघतही नव्हते, मान कलती करून फक्त ऐकत होते. आणि मग खर्जाच्या पोटातून, कुणीही न छेडलेला गंधार वर आला. माझे डोळे भरून आले. आईच्या पहाटेच्या रियाजाचा आवाज होता तो!

मी सगळं मोबाइलवर टिपत होते. चाचा म्हणाले, "हात दिसेल त्यात. कानात काय चाललंय ते कसं दिसणार?"

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहेच. पण इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याने गिऱ्हाईक घटवलंय आणि जवारी, म्हणजे घोडीची पाठ घासून तारेला असं गुंजन आणणं, शिकायला वर्षं लागतात. त्या वर्षांत पोराने खायचं काय? शिकणाऱ्याला दरमहा विद्यावेतन मिळालंच पाहिजे, आणि तेही चाचांसारखी माणसं आहेत तोवर.

त्यांचा नातू दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. संध्याकाळी तो आला, हातपाय धुऊन शेजारी बसला. चाचांनी खर्जाखालचा दोरा जरासा सरकवला. गंधार गेला.

"आता तू आण," ते म्हणाले.

माझी गाडी साडेआठची होती. मी गोधडी बाजूला ठेवली आणि बसून राहिले.