‘र’ नेमका कोणी सोडला?

अमेरिकन लोकांनी इंग्रजीचे उच्चार बिघडवले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि बरीच वर्षे ते खरेही मानले. प्रत्यक्षात ‘कार’, ‘हार्ड’ या शब्दांतला ‘र’ स्पष्ट म्हणण्याची जुनी रीत बहुसंख्य अमेरिकनांनी टिकवली. तो सोडला लंडन आणि आग्नेय इंग्लंडने, तेही मुख्यतः अठराव्या शतकात. म्हणजे व्हर्जिनियात १६०७ मध्ये पहिली कायमची इंग्रज वसाहत उभी राहून शंभराहून अधिक वर्षे उलटल्यावर.

उच्चारांचे वळण नव्याने कसे घडते, हे सर्वांत जवळून पाहायला मिळते ते न्यूझीलंडमध्ये. तिथल्या नभोवाणीच्या फिरत्या पथकाने १९४६ ते १९४८ या काळात गावोगावी जाऊन वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतले काही जण १८५०च्या दशकात जन्मलेले, म्हणजे स्थलांतरितांच्या तिथेच जन्मलेल्या पहिल्या पिढीतले होते. हेतू आठवणी जपण्याचा होता. भाषेच्या अभ्यासकांना मात्र पुढे ते आवाजच अनमोल ठरले. एकाच गावात वाढलेल्या माणसांचे उच्चारही त्यांत एकमेकांशी जुळत नाहीत, कारण स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडमधून आलेल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यातून ज्याने जे उचलले, ते त्याच्या जिभेवर बसले. पुढच्या पिढीची मुले सवंगड्यांचे ऐकत वाढली आणि बरीचशी एकसारखी बोलू लागली. हे कोणी ठरवले नव्हते की शिकवले नव्हते, आणि मला याचेच सर्वाधिक अप्रूप वाटते. स्कॉटिश वस्ती दाट असलेल्या, देशाच्या दक्षिण टोकाच्या साउथलंडमध्ये ‘र’ अजूनही ऐकू येतो.

माणसे मिसळल्याने उच्चार सारखे होतात, एवढ्यावर मात्र हा विषय संपत नाही. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील मार्थाज व्हिनयार्ड बेटावर लोकांचे बोलणे नोंदवले. ‘राइट’, ‘हाउस’ अशा शब्दांतील जोडस्वराची सुरुवात तिथे ‘आ’कडून आखूड ‘अ’कडे सरकत होती. उन्हाळ्यात पर्यटकांची रीघ लागणाऱ्या त्या बेटावर हे वळण सर्वांत ठळक होते तिथल्या चिलमार्क गावच्या मच्छीमारांत आणि बेटावरच आयुष्य काढण्याचा निर्धार केलेल्यांत. बेट सोडून जाण्याकडे ज्यांचा ओढा होता, त्यांच्या बोलण्यात ते फारसे आढळले नाही.