तुम्ही विचारलेत म्हणून: जागचा न हलणारा स्पंज करतो तरी काय?

कॅरिबियन समुद्रातील बॅरल स्पंजची छायाचित्रे मी दाखवते, तेव्हा एक प्रश्न ठरलेला असतो: "याला पोट नाही, मज्जातंतू नाहीत, हा जागचा हलतही नाही, मग हा प्राणी कसा आणि दिवसभर करतो तरी काय?" तो पाणी ओढतो, गाळतो आणि बाहेर सोडतो; त्याचे सारे जगणे या कामावर उभे आहे.

अमेरिकेतील फ्लॉरिडा कीज या बेटांजवळ पाण्याखाली असताना माझ्या सोबत्याने अशाच एका पिंपाएवढ्या स्पंजच्या बुडाशी पिचकारीने हिरवा रंग सोडला. तो त्याच्या खरखरीत, तपकिरी अंगालगत क्षणभर रेंगाळला, भिंतीत शिरून दिसेनासा झाला आणि थोड्याच वेळात वरच्या रुंद तोंडातून उसळून बाहेर आला. अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी आत येते ते आतल्या कक्षांमधील पेशींच्या कशाभिका, म्हणजे चाबकासारखे सूक्ष्म तंतू, सतत फडफडत असतात म्हणून, आणि त्याच पेशी पाण्यातील जिवाणू टिपून खातात. हा स्पंज एवढ्यावरच थांबत नाही. त्याच्या बाहेरच्या थरात सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू, राहतात आणि त्याचा तपकिरी रंग त्यांच्यामुळेच असतो.

प्रवाळभित्तीभोवतीचे पाणी पोषकद्रव्यांच्या बाबतीत गरीब असते, तरीही तिथे एवढी जीवसृष्टी कशी पोसली जाते, या कोड्याचा एक भाग कुरासाओ बेटाजवळच्या संशोधनाने २०१३ मध्ये उलगडला. कपारींत राहणारे स्पंज पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य शोषून घेतात, जे बहुतेक प्राण्यांना खाता येत नाही, आणि आपल्या पेशी भराभर टाकून देतात. त्या गाळावर गोगलगायी, कृमी आणि खेकड्यांच्या जातीचे लहान जीव जगतात. मला स्पंजविषयी सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

बॅरल स्पंज अत्यंत सावकाश वाढतो. फ्लॉरिडा कीजमधील वाढीच्या मोजमापांवरून २००८ मध्ये असा अंदाज मांडला गेला की, कॅरिबियनमधील सर्वांत मोठ्या स्पंजांचे वय २३०० वर्षांहूनही अधिक असू शकेल. एवढे जुने शरीर नांगराच्या साखळीने एका झटक्यात तुटते, याचे मला फार वाईट वाटते. मात्र तुटलेला स्पंज मेलाच असे नाही. खडकावर परत आणून तो हलणार नाही असा घट्ट बसवला, तर त्याचे बूड पुन्हा खडकाला धरू शकते. फ्लॉरिडात काही मोठे स्पंज अशा रीतीने वाचवण्यात आले आहेत.