पद्मिनी अपडेट: व्हेपर लॉकचा छडा आणि पंपाचा नवा बेत

खंबाटकी घाटात माझी जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी पुन्हा बसली. मे महिन्यातली दुपार, पुढे ट्रकांची रांग, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढण, आणि अर्ध्यावर इंजिन आचके देत बंद. पारदर्शक फिल्टरमध्ये पेट्रोल नाही, नुसते बुडबुडे. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं, तो निवला आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू. म्हणजे मागच्या वेळी पंपात बसवलेला डायफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) निर्दोष आहे, हा व्हेपर लॉकच, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं.

मूळ मेकॅनिकल पंप इंजिनालाच बोल्ट केलेला. तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, वरून इंजिन ब्लॉकची धग, त्यामुळे पेट्रोलची वाफ होते. पंप आणि इंजिनामधला स्पेसर (धग अडवणारी पट्टी) जाड करावा, तर पंपाचा स्ट्रोक, म्हणजे ओढण्याची हालचाल, कमी होतो. खरा उपाय म्हणजे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप. तो ढकलतो, त्यामुळे नळीत दाब राहतो. फक्त कमी दाबाचा, 2 ते 3 पीएसआयचाच घ्या. दुकानदार इंजेक्शनच्या गाडीचा पंप गळ्यात मारू पाहतात. तेवढ्या दाबापुढे सोलेक्स कार्ब्युरेटरची नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) टिकत नाही, कार्ब्युरेटर ओव्हरफ्लो होतो.

पण बॉनेट उघडल्यावर मूळ पंप दिसलाच पाहिजे आणि चाललाही पाहिजे, यावर मी ठाम आहे. म्हणून इलेक्ट्रिक पंप त्याच्याच लाइनीत मागे जोडून फक्त घाटात चालू करायचा, असं ठरवलं होतं. हे लिहितानाच खटकलं: डायफ्राम फाटला तर मागचा पंप पेट्रोल थेट इंजिनाखालच्या ऑइल संपमध्ये ढकलेल. तो बेत रद्द. आता दोन्ही पंप समांतर, प्रत्येकाला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पेट्रोल उलटं जाऊ न देणारी झडप). शिवाय इलेक्ट्रिक पंपाला ऑइल प्रेशर स्विचमधून रिले, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल. कार्ब्युरेटरकडची नळीही इंजिनाच्या हेडपासून लांब वळवतो.

रबरी नळ्या सगळ्या व्हिटॉनच्या (इंधनाला टिकणाऱ्या रबराच्या) घेतोय. इथेनॉलच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं. इथे ओरिजिनलचा आग्रह धरणं मला धोक्याचं वाटतं. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाल्यापासून चांगले डायफ्राम किटही मिळेनासे झालेत. बरे दिसले तर जोडीने घेऊन ठेवा.

एक मोठं सुख: स्टिअरिंगवरच्या गिअरच्या दांड्याला लेथवर पितळी बुश (आधाराची कडी) करून घेतला. दांड्याचा खुळखुळाट गेला, दुसरा गिअर खटकन पडतो.

समांतर जोडणी कुणी केली असेल तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह कुठे बसवला, फोटोसह टाका. पावसाळ्याआधी काम उरकायचंय.